जू न घेतलेला खांदा

खांदशेकणीच्या दिवशी बाईनं बैलाच्या खांद्याला हात लावायचा नाही, अशी काही बेलखेडीत दवंडी दिलेली नव्हती. पण लावत नव्हतं कोणी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाईनं तूप-हळदीची वाटी आणायची, कोमट पाण्याची बादली आणायची, बैलाला ओवाळायचं आणि पदर सावरून बाजूला व्हायचं. खांदा शेकायचा, मळायचा तो पुरुषानं. वच्छलाबाईनं एकतीस वर्षं हेच केलं. वर्षभर बैलांचं शेण तिनं काढायचं, पुढ्यात कुटार तिनं टाकायचं, आणि लाडाची वेळ आली की वाटी धरून उभं राहायचं! पण बोलणार कोणाला?

यंदा मात्र तिच्या नवऱ्याचा, खुशालरावांचा, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात होता. महिन्याआधी वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, घसरले आणि मनगट मोडून बसले. पोरगा विपुल बैलांसाठी बेगड आणि गोंडे आणायला परतवाड्याला गेला होता, आणि दिवस बुडत आला तरी त्याचा पत्ता नव्हता.

"दिवा लावाची वेळ झाली," खुशालराव गोठ्याच्या दारात येरझारा घालत म्हणाले. "आता तूच मळ. कणीक मळतं तसा मळ. जोर नोको लावू."

"मी?"

"मंग काय पाटलाले बलावू?"

वच्छलाबाईनं बांगड्या वर सारल्या आणि बोटं तुपात बुडवली. आधी बुध्याचा खांदा मळला. जुवानं घासून टणक झालेली कातडी, पायताणाच्या तळासारखी. बुध्यानं डोळे मिटून घेतले. लबाड! मग ती हौश्याकडे वळली. हात ठेवला आणि तिला चटका बसल्यासारखं झालं. हौश्याचं अंग चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं गरम होतं. ती मळत मळत वशिंडापासून खाली आली, फऱ्याच्या म्हणजे पुढच्या पायावरच्या चपट्या हाडाच्या पुढं, आणि तिथं बोटं थांबली. कातडीखाली मोठ्या लिंबाएवढी गाठ होती. दाबली की सरकत होती. हौश्यानं अंग झाडून मागं घेतलं.

"अवो, इथं गाठ हाये."

खुशालरावांनी डाव्या हातानं वरवर चाचपलं. "खांदा आला असन. जू घासलं."

"जू इथं टेकते काय? जू टेकते वर. हे तं खाली हाये, समोरून. अन् वावरातला डवरा बंद होऊन महिना झाला."

"आता तू मले खांदा शिकवतं काय?"

इथं थांबून सांगायला हवं, की बैलाचा खांदा म्हणजे खुशालरावांची जहागीर होती. कोणाच्या बैलाचा खांदा सुजला, सोलला, पिकला, की माणूस यायचा तो यांच्याच दारी. आजूबाजूच्या चार गावांत त्यांना खांद्याचे वैद्य म्हणत. अशा माणसाला त्याच्याच गोठ्यात, तेही बायकोनं, सांगावं? पार बिनसलं त्यांचं.

"अंग तापलं त्याचं," वच्छलाबाई म्हणाली.

"शेकलं तं तापनच. तोंड चालवण्यापेक्षा हात चालव."

शेकून झालं. खुशालरावांनी पळसाचं पान डाव्या हातात धरलं, आधी बुध्याच्या आणि मग हौश्याच्या खांद्याला टेकवलं आणि दरवर्षीसारखं मनापासून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." बुध्यानं पुढ्यातली भाकर एका घासात संपवली. हौश्यानं ती हुंगली आणि तोंड फिरवून घेतलं.

आवतण घेतलेला पाहुणा असा तोंड फिरवतो काय? 

सकाळी ती गोठ्यात आली तेव्हा अंगणात शालिकराम हजर होता. शालिकराम शेजारचा, खुशालरावांचा लंगोटीयार, आणि गावातला झडत्या म्हणणारा. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहिले की कोणाची तरी फिरकी घेत झडती म्हणायची, ती त्यानंच. आत्ता मात्र तो चुलीपाशी बसून विळा तापवत होता.

"हे काय?" तिनं विचारलं.

"डाग देतो न वयनी. खुशालभाऊचा हात चालत नाई. खांद्यावर दोन चटके बसले की संध्याकाळपर्यंत गाठ बसते."

महिन्याआधी शालिकरामची गाय मेली होती. तिलाही गाठ होती, तिलाही डाग दिला होता, तरी ती मेली. यातून शालिकरामनं काढलेला अर्थ असा, की डाग द्यायला उशीर झाला. आता अशा माणसाशी काय बोलायचं?

हौश्या उभा होता, पण नुसता उभा. कान पडलेले, डोळ्यांतून पाणी, नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या. खुशालराव त्याच्याकडे बघत नव्हते. ते विपुलनं रात्री आणलेले गोंडे मोजत होते. त्यांची जोडी अकरा वर्षं तोरणाखाली पहिल्या रांगेत उभी राहत होती, आणि यंदाही त्यांना ती उभी करायचीच होती.

वच्छलाबाई दुधाची चरवी घेऊन तांबूकडे गेली. तांबू ही त्यांची गाय, जर्सीच्या वाणाची, अंगानं तांबडी, स्वभावानं गरीब. रोज पाच लिटर द्यायची, आज दोनावर आटली. दूध काढताना वच्छलाबाईचं कपाळ गाईच्या कुशीला टेकलं होतं, आणि ती कूसही तापलेली होती. तिनं चरवी बाजूला ठेवली. तुपाचा वास अजून हाताला होता. तोच हात तिनं तांबूच्या फऱ्यापुढं नेला, जिथं रात्री हौश्याच्या अंगावर नेला होता.

तिथंही गाठ. हौश्याच्या गाठीपेक्षा लहान, पण तशीच सरकणारी.

वच्छलाबाईनं दावं सोडलं आणि तांबूला ओढत अंगणात आणलं, थेट चुलीपुढं.

"शालिकभाऊ, हिलेही डागा."

"हिले काहून?"

"हिलेही खांदा आला."

शालिकराम खो खो हसला. "वयनी, गाईले कुठी खांदा येते काय?"

"तेच तं मी विचारून राहिली." तिचा आवाज चढला. "हौश्याची गाठ जुवानं आली म्हणता न? मंग हिनं कवा जू घेतलं? कोणत्या वावरात डवरा ओढला हिनं? सांगा न! सांगा, विपुलचे बाबा, तुमी तं वैद्य हा!"

खुशालराव उठले. डाव्या हातानं त्यांनी गाईची गाठ चाचपली. हौश्याकडे गेले, त्याची चाचपली. पुन्हा गाईकडे आले. गोठ्यापासून चुलीपर्यंत चार पावलं होती, ती त्यांनी तीनदा घातली.  चेहरा असा झाला, की एकतीस वर्षांत तिनं तो तसा पाहिला नव्हता.

"विळा लाल झाला खुशालभाऊ," शालिकराम म्हणाला. "आणू का?"

खुशालराव गाईची गाठ चाचपतच राहिले. तेव्हा वच्छलाबाईनंच सांडशीनं विळा उचलला आणि बैल धुवायच्या बादलीत टाकला. चर्रर्र झालं, वाफ निघाली. नवऱ्यानं तिला अडवलं नाही, आणि तेवढ्यानंच तिला समजायचं ते समजलं.

"विपुल," तिनं हाक मारली, "त्या डाक्टरीनबाईले फोन लाव."

पोळ्याचा दिवस. परतवाड्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर आकांक्षा मॅडमना सुट्टी होती, पण त्या शेजारच्या गावात अडलेल्या म्हशीसाठी आल्या होत्या. तासाभरात स्कूटी घेऊन अंगणात उतरल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, बुटाला चिखल, हातात पेटी. खुशालरावांनी त्यांच्याकडे बघून मान वळवली. एवढीशी पोरगी बैलाला काय हात लावणार? पण आज बोलायला तोंड कुठं होतं?

मॅडमनी थर्मामीटर लावलं. हौश्याला एकशे सहा, तांबूला एकशे साडेचार. पापणी उलटी करून पाहिली तर आतून पांढरी. मग त्यांनी हौश्याची शेपटी उचलली. शेपटीखाली, कानात, मांडीच्या आतल्या बाजूला एरंडीच्या बियांसारख्या फुगलेल्या गोचिड्या चिकटल्या होत्या.

"काका, चरायला कुठे नेत होता?"

खुशालराव जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाल्यापार."

नाल्यापार म्हणजे मेळघाटचं रान. इकडं कपाशी, तुरी, संत्र्याची झाडं, आणि नाला ओलांडला की सागवान आणि कमरेएवढं गवत. तिथं रोही, म्हणजे नीलगाई, बसतात, सांबरं येतात, पहाटे कधी रानगवेही उतरतात.

"हात मोडला, काम होत नव्हतं," खुशालराव सांगू लागले. "म्हटलं पोळ्याआधी बैलाले आराम देऊ, चांगलं हिरवं खाऊ घालू. गायही नेली संगं. तिथचं गवत कसं हाये, पाहाल तं तुमी!"

"गवत चांगलं असेल काका, पण त्या गवतात गोचिड्या असतात. रानातल्या जनावरांच्या अंगावरून पडतात, गावातल्या ढोरांवरून पडतात, गवताच्या टोकाला चढून बसतात. कधी कधी रक्तातला जीव घेऊन बसतात. रानातल्या जनावराला सवय असते, ते धकवून नेतं. आपल्याला नाही जमत, त्यातून जर्सीला तर नाहीच."

"म्हणजे मीच..." खुशालराव म्हणाले आणि थांबले.

"म्हणजे औषध आज गेलं पाहिजे. पण आधी कोणता जीव आहे ते बघू द्या. असे रोग दोन-तीन आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. भलतंच दिलं तर दिवस वाया जाईल, आणि हौश्याजवळ दिवस नाहीत."

मॅडमनी हौश्याच्या कानाच्या टोकाला सुई टोचली. रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेनं पुढं सारला. थेंबाची पातळ चादर झाली.

"धिरडं पसरवल्यावाणी," वच्छलाबाई म्हणाली.

"तेवढंच पातळ लागतं काकू! जाड झालं की काही दिसत नाही." मॅडम हसल्या. गाठीतलंही सुईनं थोडं पाणी काढलं, तेही काचेवर पसरवलं. दोन्ही जनावरांच्या मिळून चार पट्ट्या झाल्या. "परतवाड्याला नेऊन बघावं लागेल. औषधही तिथूनच आणावं लागेल. कोण येतं?"

विपुल पुढं झाला, पण त्याच्या आईनं त्याला मागं सारलं. "तू इथं राहा. दोघायले सावलीत बांध, अंगावर ओलं फडकं ठेव. मी जाते."

"तू?" खुशालराव म्हणाले. "अन् पुरण?"

घरात चुलीवर हरभऱ्याची डाळ शिजत होती. पोळ्याच्या दिवशी घरच्या बाईनं पुरण सोडून गावाबाहेर जायचं, हे बेलखेडीत कधी झालेलं नव्हतं.

"डाळ शिजली की गूळ टाका. डाव्या हातानं ढवळता येते," ती म्हणाली आणि स्कूटीवर मागं बसली. "माझ्या हाताले जे लागलं, ते मले डोळ्यानं पाहाचं हाये."

परतवाड्याच्या दवाखान्यात त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. मॅडमनी पट्ट्यांवर जांभळा रंग ओतला, अर्धा तास थांबल्या, धुतल्या आणि यंत्राखाली धरल्या. बघत राहिल्या, पट्टी सरकवत राहिल्या. वच्छलाबाईला वाटलं, काही नाहीच निघालं तर? गावात तोंड कुठं दाखवायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे, मग हौश्याला झालं तरी काय?

"या काकू," मॅडम म्हणाल्या. "एक डोळा मिटा, आणि दुसऱ्यानं बघा."

तिला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग एकदम उजेड पडला. गुलाबी टिकल्याच टिकल्या, ताटात सांडल्यासारख्या. काही टिकल्या मोकळ्या होत्या आणि काहींच्या पोटात जांभळे ठिपके, खसखशीहून बारीक. एकात एक, एकात दोन.

"हे?"

"हेच. थायलेरिया म्हणतात. गोचिडीच्या तोंडातून येतो, आधी गाठीत वाढतो, मग रक्तात उतरतो आणि रक्त खातो. तुम्ही गाठीवर बोट ठेवलं म्हणून सापडला काकू. लोक आमच्याकडे येतात तेव्हा जनावर आडवं झालेलं असतं."

"जिता हाये काय हा?"

"काचेवरचा मेला. हौश्याच्या अंगातला जिता आहे."

"मंग बसून काय राहिलो? चला न!"

ती इतकी जोरात उठली की स्टूल पडलं. भीती होतीच, पण दुसरंही काही होतं. ती चुकली नव्हती. एकतीस वर्षं वाटी धरून उभा राहिलेला हात बरोबर निघाला होता.

गावात पोचायला चार वाजले. रस्ता आखरावरून, म्हणजे गावातली ढोरं जमतात त्या मैदानावरूनच, जात होता, आणि आखरावर पोळा भरला होता. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली बेगड लावलेल्या शिंगांची रांग, डफडी, माणसं. पहिल्या रांगेत एक जागा रिकामी दिसत होती. गर्दीतून स्कूटी निघेना, म्हणून वच्छलाबाई औषधाची बाटली पदरात घेऊन खाली उतरली आणि चालू लागली. शालिकरामनं तिला पाहिलं. सकाळचा विळा त्याच्या डोक्यात अजून चरचरत असावा. त्यानं हात वर केला, डफडी थांबली, आणि त्यानं झडती सोडली:

"खांद्याचे वैद्य खुशालराव,
त्याईच्याच बैलाले लागला घाव!
वच्छलावयनी गेली शहरात,
खुशालभाऊ ढवळे पुरण घरात!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" सगळं आखर ओरडलं आणि हसलं. पाटीलही हसले. वच्छलाबाईचे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं, रागानं आलं. पण ती थांबली, वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "झडती झकास हाये शालिकभाऊ. पण अर्धीच हाये. उरलेली पंधरा दिवसानं ऐका, आमच्या अंगणात!"

आणि तरातरा घरी गेली.

घरात जळक्या पुरणाचा वास भरला होता. खुशालराव गोठ्यात हौश्याजवळ बसून ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होते. हौश्या खाली बसला होता. मॅडमनी मानेत खोलवर इंजेक्शन दिलं, मग तांबूला दिलं, तापाचं वेगळं दिलं. जाताना म्हणाल्या, "तांबू यातून निघेल. हौश्याचं मी आज सांगत नाही. तीन दिवसांनी दुसरं देऊ. तोवर पाणी, सावली, आणि अंगावर एकही गोचीड नको. तांबूचं दूध सांगेपर्यंत कोणी प्यायचं नाही."

मग सुरू झाले ते दिवस. पहाटे उठून दोन्ही जनावरांच्या अंगावरून वच्छलाबाईची बोटं फिरायची. कान, गळा, कास, शेपूट. एकेक गोचीड उपटून रॉकेलच्या डब्यात. गुळाचं पाणी, ज्वारीची पातळ आंबील, नळीनं हळूहळू. विपुल नाल्यापारचं गवत सोडून धुऱ्यावरचं कापून आणायचा आणि झटकून, उन्हात पसरून मगच घालायचा. मॅडमनी सांगितलं होतं, की गोचीड गोठ्याच्या भिंतींच्या फटीत अंडी घालते. ते ऐकल्यापासून खुशालराव माती आणि चुना कालवून डाव्या हातानं फटी लिंपत बसले. एकेक वीत भिंत घेत, दिवसभर. कोणी खांदा दाखवायला आलं तर मान न वळवताच सांगायचे, "मले नाई समजत. विपुलच्या मायले दाखवा."

चौथ्या दिवशी हौश्या आडवा झाला. दुसरं इंजेक्शन गेलं होतं, ताप उतरला होता, पण अंगात रक्तच नव्हतं तर उठणार कशाच्या बळावर? मान टाकून पडला. वर कावळे येऊन बसले. वच्छलाबाईनं दगड मारून ते हाकलले आणि मग त्याच्या मानेपाशी बसली.

खुशालराव चुन्यानं माखलेला हात घेऊन तिच्याजवळ आले. खाली बसले आणि म्हणाले, "मले दिसत होत्या गोचिड्या. एका हातानं निंघत नव्हत्या. तुले सांगाची लाज वाटली."

"लाज वाटली?" ती उसळलीच. "लाज वाटली म्हणून ढोर मारता काय? मी काय परकी होती? मले एक हाक मारली असती तं माझे दोन हात होते न!"

"चुकलं वं माझं."

हा शब्द या माणसाच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला. आता याच्यावर रागवावं तरी कसं! तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "चुकलं तं उठा. पोती आणा. याले असा एका कुशीवर पडू द्यायचा नाई."

पोत्यांचे पट्टे शिवले, ते हौश्याच्या पोटाखालून घेतले आणि आढ्याला दोर बांधून तिघांनी मिळून त्याला उचललं. कूस बदलली. तीन तासांनी पुन्हा उचललं, पुन्हा बदलली. विपुलच्या हाताला फोड आले, वच्छलाबाईची कंबर धरली. पाचवा दिवस, सहावा, सातवा. मॅडम रोज यायच्या, पापणी उलटून बघायच्या, आणि ती अजून पांढरीच असायची.

सातव्या दिवशी दुपारी शालिकराम मागच्या दारानं आला. टोपी हातात.

"वयनी, जरा येतं काय घरी?"

"काहून? नवी झडती झाली काय?"

"कायची झडती!" त्याचा आवाज फाटला. "कालवड चरून नाई राहिली. तुमी हात लावून पाहा. मले नाई समजत."

बघा आता! वच्छलाबाईला दोन शब्द सुनवायचे होते, आणि सुनवायचा तिचा हक्कही होता. पण तिनं हात धुतले आणि गेली. कालवडीच्या फऱ्यापुढं बोटं ठेवली. आवळ्याएवढी गाठ. "हाये," ती म्हणाली. "पण लहान हाये. घाबरू नोका. फोन लावा." त्याच दिवशी कालवडीला औषध गेलं आणि दोन दिवसांत ती दावं तोडायला लागली. मग गावाला कोण थांबवणार? ज्यांच्याकडे जनावर ते सगळे वच्छलाबाईला बोलवायला आले. ती गोठ्यागोठ्यातून फिरली. जिथं गाठ लागली तिथं मॅडमना फोन गेला. अशी आणखी चार ढोरं सापडली आणि चारही उभी राहिली.

आणि हौश्या? आठव्या दिवशी पहाटे वच्छलाबाई गोठ्यात शिरली आणि दारातच थांबली. कर्रम, कर्रम, कर्रम. आधी तिला वाटलं बुध्या. पण बुध्या झोपला होता. हौश्या मान वर करून बसला होता आणि त्याचा जबडा संथ हलत होता. रवंथ करत होता गडी!

"अवो! विपुल! अवो, उठा न!" ती ओरडत सुटली. शेजारचे जागे झाले. खुशालराव धोतर सावरत धावत आले, हौश्यापुढं बसले आणि त्या रवंथाकडे असे बघत राहिले, जसं काही कोणी त्यांना गाणं ऐकवत होतं. दिवस वर आला तसा हौश्यानं मागचे पाय रोवले, एकदा घसरला, पुन्हा रोवले आणि थरथरत उभा राहिला. पट्ट्यांना त्या दिवशी कोणी हात लावला नाही.

पंधराव्या दिवशी वच्छलाबाईनं अंगण सारवलं आणि पुरण घातलं. विपुलनं गोठ्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. लोकांना कोणी बोलावलं नव्हतं, पण पंधरा दिवसांपूर्वी आखरावर तिनं काय सांगितलं होतं, ते गाव विसरलं नव्हतं. पाटील आले, बायाबापड्या आल्या. शालिकराम डफडं घेऊन आला, पण वाजवायची हिंमत होईना, म्हणून ते काखेत धरून उभा राहिला. आकांक्षा मॅडम आल्या तेव्हा त्यांना पाटावर बसवलं.

खुशालरावांचं प्लास्टर दोन दिवसांपूर्वी निघालं होतं. हात पांढराफटक पडला होता, पण मोकळा होता. हौश्याला तोरणाखाली आणलं. बरगड्या दिसत होत्या, तरी मान ताठ होती. सगळ्यांना वाटलं, आता खुशालराव पुढं होतील आणि खांद्याला हात लावतील. ते घरात गेले. बाहेर आले तेव्हा हातात तूप-हळदीची वाटी होती. ती त्यांनी बायकोपुढं धरली.

"मळ," ते म्हणाले आणि बाजूला होऊन उभे राहिले.

वच्छलाबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कोणी हसलं नाही. तिनं बांगड्या वर सारल्या आणि वशिंडापासून खाली, फऱ्याच्या पुढं, सावकाश हात फिरवला. गाठीची जागा आता मऊ होती. हौश्यानं डोळे मिटले. आता हाही लबाड झाला!

"वयनी," शालिकराम हळूच म्हणाला, "उरलेली झडती?"

ती काही बोलायच्या आत खुशालरावच पुढं झाले. आयुष्यात त्यांनी कधी झडती म्हटली नव्हती, घरात सुद्धा गुणगुणत नसत. त्यांनी घसा खाकरला आणि वाटी हातात धरूनच सुरुवात केली:

"विळा तापवला शालिकनं, बरा म्हटला मी,
गाईनं कवा जू घेतलं, विचारे फक्त ही!
खांद्याचा वैद्य होतो मी, खांदा पाहे वर,
गाठ होती खाली, तिथं हिचा पोचला कर!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" अंगण दणाणलं. शालिकरामनं डफडं असं बडवलं की तांबूनं दाव्याला हिसका दिला. पाटील टाळ्या वाजवत होते, मॅडम डोळे पुसत हसत होत्या आणि वच्छलाबाईला कुठं बघावं ते कळेना. एवढं कौतुक एका वेळी झेलायची सवय कुठं होती तिला! तिनं उगाच पदर डोक्यावर ओढला, पण हसू काही झाकलं गेलं नाही.

विपुलनं पुरणपोळीचं ताट आणलं. मॅडमनी बजावलं होतं, एकच आणि तीही लहान. वच्छलाबाईनं ती तळहातावर घेतली आणि हौश्यापुढं धरली.  हौश्यानं पोळी हुंगली. पंधरा दिवसांपूर्वी भाकर हुंगली होती तशीच. मग त्यानं जीभ बाहेर काढली आणि पोळी अख्खी तोंडात घेतली.

खुशालराव तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "आवतण मी देल्तं. जेवायले तू आणलं."

 हौश्या तिचा तळहात चाटत होता, बोटांच्या बेचक्यातलं पुरणसुद्धा सोडत नव्हता, आणि संपलं तसं त्यानं आणखी पाहिजे म्हणून तिला शिंगानं हळूच ढोसलं.